जळीत साहसांचा पंचनामा

बारामती तालुक्यात चार माणसं एका सतरंजीवर बसली, की पाच मिनिटांत एक अध्यक्ष होतो, एक सूचक होतो, एक अनुमोदक होतो आणि चौथा चहा सांगायला उठतो. आम्ही पाच जण होतो. पाचवी मी, म्हणून मी सेक्रेटरी झाले. माझं अक्षर चांगलं आहे, असं सर्वानुमते ठरलं. ज्या बाईचं अक्षर चांगलं असतं तिला जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं लिहून घ्यावं लागतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी वीस वर्षांची होते आणि कौतुकानं फुगले होते.

नव्वदीचं दशक निम्म्यावर आलं होतं. मी डी.एड. करून बसले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेची ऑर्डर येईल तेव्हा येईल, तोवर रिकामं नको म्हणून बारामतीच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं होतं. घर निमगाव केतकीला, जाणं-येणं एसटीनं. वर्गात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण पणदऱ्याची. तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणायचे. त्यांना ऊस होता, म्हशी होत्या आणि रस्त्याच्या कडेला दूध गोळा करायची डेअरी होती. मैत्रिणीचा मोठा भाऊ पुण्यात डिप्लोमा करत होता. मैत्रिणीचा भाऊ म्हणून मी त्याला दादा म्हणायचे. मनात काय म्हणायचे ते इथं लिहीत नाही.

हा दादा एका दिवाळीला पुण्याहून एक खोकं घेऊन आला. पुण्यात शिकायला आलेला कुणी परदेशी मुलगा मायदेशी जाताना आपलं सामान जुन्या पुस्तकांच्या दुकानात टाकून गेला होता. दादानं ते किलोवर उचललं. खोक्यात नियमांची तीन जाडजूड पुस्तकं होती, पिशवीभर चित्रविचित्र फासे होते आणि एक्केचाळीस पातळ पुस्तकं होती.

तो एक खेळ होता. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी तलवारबाज, कुणी जादूगार, कुणी चोर. सांगणारा म्हणतो, समोर अंधारं भुयार आहे, काय करता? खेळणारे काय ते सांगतात, आणि जमलं का फसलं ते फासे टाकून ठरतं. गोष्टी आयत्या छापून मिळतात. त्या एक्केचाळीस पातळ पुस्तकांतलं एकेक पुस्तक म्हणजे एकेक साहस. कुठल्या खोलीत कोण राक्षस, कुठं सापळा, कुठं खजिना, सगळं त्यात नकाशासकट लिहिलेलं. सांगणाऱ्यानं ते आधी घरी वाचायचं, आणि खेळताना लागेल तेवढंच बाहेर काढायचं. ही ‘आधी वाचायचं’ची अट लक्षात ठेवा, कारण दादानं ती कधीच ठेवली नाही.

दादा महिन्यातनं एका रविवारी घरी यायचा. तोच आमचा खेळाचा दिवस. सकाळचं दूध टँकरनं गेलं की संध्याकाळचं येईपर्यंत डेअरीची खोली मोकळी असायची. फरशी धुतलेली, कॅन पालथे घातलेले, फॅट काढायच्या मशीनवर आबांचा टॉवेल. तिथं सतरंजी टाकून आम्ही बसायचो. दादा, मैत्रीण, मी, कन्हेरीच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक गुरुजी, आणि दादाचा चुलतभाऊ. हा चुलतभाऊ साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून होता, म्हणून घरचेसुद्धा त्याला भाऊसाहेब म्हणायचे. माझे वडील पोस्टात होते. त्यांना मी सांगितलं, इंग्रजी सुधारायला जाते. खोटं नव्हतं ते. चाळीस राक्षसांची इंग्रजी नावं मला अजून पाठ आहेत.

गोष्ट सांगणाऱ्याला इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव होतं. भाऊसाहेबांनी ते पहिल्याच दिवशी रद्द केलं. कोण पुढं चालणार, कुणाच्या वाट्याला काय येणार, हे जो सांगतो त्याला ऊसतोडीच्या टोळीत मुकादम म्हणतात, तेच इथं म्हणायचं असं त्यांनी ठरवलं. खोकं दादाचं, म्हणून मुकादम दादा, आणि सभेचा अध्यक्षही तोच. निवड बिनविरोध झाली. दादानं हात जोडून आभार मानले, आणि मी ते प्रोसिडिंगच्या वहीत लिहिलं. हो, वही होती. लाल पाठीची, मधे रेघा मारलेली. खेळाच्या आधी पंधरा मिनिटं सभा, मग खेळ.

पहिल्या सभेपुढं पहिला विषय होता, एक्केचाळीस साहसं कुठल्या क्रमानं खेळायची. भाऊसाहेबांचा ह्या बाबतीत मोठा अधिकार. कारखान्यात मनाला येईल त्याचा ऊस तोडत नाहीत. लागणीची नोंद होते, नोंदीच्या तारखेनं तोडणी कार्यक्रम लागतो, आणि नंबर आला की टोळी येते. कुणाचा ऊस गोड, कुणाचा उंच, हे बघत बसलं तर रोज डोकी फुटतील. तसंच इथं करायचं. आता सगळी साहसं एकाच खोक्यात एकाच दिवशी आली होती, म्हणजे नोंदीची तारीख एकच. मग भाऊसाहेबांनी मार्ग काढला. खोक्यातनं जे आधी वर निघालं त्याचा नंबर पहिला, तळाचं ते एक्केचाळीसावं. गुरुजी सूचक, मैत्रीण अनुमोदक. मंजूर.

खोक्यात सगळ्यात वर होतं ते साहस मुरलेल्या खेळाडूंसाठी होतं. मुखपृष्ठावर तसं छापलंही होतं, वर्षानुवर्षं खेळून तयार झालेल्यांनीच याला हात घालावा म्हणून. आम्ही आदल्या तासाला माणसं तयार केलेली, नवी कोरी. काळा मनोरा, आत एक म्हातारा ड्रॅगन. गुरुजींचा जादूगार दार उघडायच्या आधी गेला, मैत्रिणीची तिरंदाज दार उघडताना गेली, भाऊसाहेबांचा सरदार दार लावून घेताना गेला. मी शहाणपणा करून पळत सुटले आणि पायऱ्यांवर मेले. चहा अजून यायचा होता.

जगात कुठंही ह्यानंतर लोकांनी क्रम बदलला असता. आम्ही उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली. मृत सभासदांना श्रद्धांजलीचा ठराव मी लिहिला, दादानं सही केली. मग नवी माणसं तयार करून पुढच्या महिन्याला नंबर दोन काढायचं ठरलं. नंबर दोनही मुरलेल्यांसाठीच होतं. मी म्हटलं, अहो भाऊसाहेब, हे सोप्यापासून अवघडाकडं नको का न्यायला? त्यांनी माझ्याकडं शेतकऱ्याच्या अडाणी बायकोकडं बघावं तसं बघितलं. एकदा कार्यक्रम लागला की लागला, एकाचा नंबर हलवला तर उद्या सगळे येतील, असं म्हणाले. सगळे म्हणजे कोण, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मग मी घरी बसून कामाला लागले. मला असला गोंधळ सहनच होत नाही, डोकं उठतं माझं. दर खेपेला आठ-नऊ साहसं पिशवीतनं निमगावला न्यायची, डिक्शनरी घेऊन वाचायची, आणि एकेकाचं एक कार्ड करायचं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी एका मापात कापून मी एक्केचाळीस कार्डं केली. वर नाव. खाली खेळाडू किती मुरलेले लागतात, जागा कुठली, जंगल की भुयार की शहर, किती बैठका लागतील, मारामारी जास्त की बोलणं जास्त, सांगणाऱ्यानं आधी काय तयारी ठेवावी. वडील संध्याकाळी पोस्टातनं आले की कार्डं उचलून वाचायचे. त्यांना ड्रॅगनचं काही नव्हतं, पण पोरगी पत्रांसारखं सॉर्टिंग करते ह्याचा त्यांना फार आनंद. शेवटी शेवटी तेच मला टाचण्या आणून द्यायचे.

पाच महिन्यांनी कार्डं पुरी झाली. शेवेच्या रिकाम्या डब्यात ती उभी लावून मी सभेपुढं ठेवली. सोप्यापासून अवघडापर्यंत एक क्रम, आणि सोबत एका साहसातनं दुसऱ्यात कसं जाता येईल ह्याचा तक्ता. सगळ्यांनी डबा हातात घेऊन बघितला. भाऊसाहेब म्हणाले, असं काम शेतकी खात्यातसुद्धा होत नाही. गुरुजी म्हणाले, फार कष्ट घेतले बाईंनी. मग ‘माहितीस्तव स्वीकारण्यात आले’ असा ठराव झाला आणि डबा कपाटात फॅटच्या बाटल्यांमागं गेला. कार्यक्रम नोंदीचाच राहिला. गाढवापुढं वाचली गीता, दुसरं काय!

पण त्या पाच महिन्यांत माझं एक झालं होतं. मी ती सगळी साहसं वाचली होती, आणि एक्केचाळीसावं माझ्या मनात बसलं होतं. अगदी खोक्याच्या तळाला होतं ते. त्यात ड्रॅगन नव्हता. एक गाव होतं आणि गावात एक विहीर होती. रोज दिवस मावळला की विहिरीतनं आवाज यायचा आणि गावातल्या कुणातरी एकाचं गुपित मोठ्यानं बोलून दाखवायचा. गावात कुणी कुणाशी बोलायचं बंद झालेलं. विहिरीत काय आहे ते आलेल्या परक्यांनी शोधायचं. वाचताना मला ते गाव दिसायला लागलं. पाणवठ्यावर कोण कुणाकडं पाठ करून उभं आहे ते दिसायला लागलं. त्याच्या कार्डावर मी न राहवून लिहिलं, ‘सगळ्यात चांगलं हेच.’ आणि मला ते सांगायचं होतं. खेळायचं नव्हतं, सांगायचं होतं, मुकादम होऊन. असं काही एवढं हवंसं मला तोवर कधी वाटलं नव्हतं. कॉलेजातनं येताना एसटीच्या खिडकीत बसून मी त्या गावातल्या माणसांची बोलणी मनात म्हणत यायचे.

आणि दादा मुकादम म्हणून काय करायचा? आदल्या दिवशी पुस्तक उघडायचं नाव नाही. सतरंजीवर मांडी घालून बसला की पहिल्यांदा पान उलटायचा, आणि दिसेल ते मोठ्यानं वाचायचा. इंग्रजीत एकदा, मराठीत एकदा. पुस्तकात जागोजागी चौकटीत छापलेलं असायचं, की खालील मजकूर खेळाडूंना सांगू नये. दादा ती चौकटही वाचायचा. ‘खेळाडूंना सांगू नये,’ असं आम्हाला खणखणीत आवाजात सांगून मग खालचा मजकूर सांगायचा. पेटीमागं चोर लपलाय, दाराला विष लावलंय, राजाच खुनी आहे. गुरुजी तर पुढं पुढं कुठलंही दार उघडायच्या आधी विचारायचे, मुकादम, चौकटीत काय दिलंय?

मी विषय मांडला. रीतसर मांडला, कारण मीच सेक्रेटरी. एका साहसापुरतं मुकादमपण मला द्यावं आणि नंबर एक्केचाळीस त्यासाठी वर घ्यावं. पहिल्या खेपेला ठरलं, विषय पुढील सभेवर. दुसऱ्या खेपेला ठरलं, सूचना स्तुत्य असून तिची नोंद घ्यावी. तिसऱ्या खेपेला ठरलं, याबाबत योग्य तो निर्णय मुकादमांनी सवडीनं घ्यावा. तिन्ही वेळा मी माझ्याच चांगल्या अक्षरात ते लिहिलं. दादा फासे खुळखुळवत बसलेला असायचा. मी वही पुढं केली की सही करून टाकायचा. मैत्रीण कानात म्हणायची, अगं सोड ना, तुझा नंबर येईलच की. महिन्याला एक, म्हणजे माझा नंबर यायला तीन वर्षं उलटायची होती.

मग एका महिन्यात गुरुजी एक साहस हातात धरून अपराधी चेहऱ्यानं आले. हवेतल्या जहाजाचं ते साहस त्यांना फार खेळायचं होतं, पण त्याचा नंबर होता सत्तावीस. वाचायला म्हणून घरी नेलं होतं. चहा ठेवताना स्टोव्हजवळ राहिलं म्हणे, आणि एक कोपरा जळाला. आता आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऊस पेटला की त्याचं वजन उतरत जातं, म्हणून जळीत उसाला नंबर लागत नाही, तो आधी तोडतात. नंबर लवकर लागत नसला की कुणाचा ऊस आपोआप कसा पेटतो, हेही सगळ्यांना माहीत असतं. भाऊसाहेबांनी पुस्तक हातात घेऊन उलटं-सुलटं केलं, वास घेतला, आणि पंचनामा करून साहस जळीत म्हणून जाहीर केलं. जळीत उसाला कपात बसते, तशी इथं खजिन्यात चौथ्या हिश्श्याची कपात. पुढच्याच महिन्यात हवेतलं जहाज निघालं.

झालं! एकदा वाट दिसल्यावर कोण थांबतंय. मैत्रिणीला बाजारपेठेचं एक साहस हवं होतं, तिचं उदबत्तीनं जळालं. स्वतः भाऊसाहेबांचं वेढ्याचं साहस बिडीनं जळालं, आणि ते बिडी ओढत नव्हते. त्याचा पंचनामा त्यांनीच केला, तटस्थपणानं केला, आणि कपात जरा कमी बसवली. सगळी एका कोपऱ्यावर, उजवीकडं खाली, नखाएवढी जळायची. दादाला वाईट वाटत असेल असं मला वाटायचं, पुस्तकं त्याची होती. तो नुसता हसायचा आणि जळका कोपरा अंगठ्यानं पुसायचा.

मी मात्र जाळलं नाही. आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तर वाकून नमस्कार करायची पद्धत नव्हती, देवाचं म्हणून काही नव्हतंच. पण वडील प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायचे, आणि पान दुमडलेलं दिसलं तर दोन दिवस बोलायचे नाहीत. ज्यांना पुस्तक हातात धरू दिलं नव्हतं त्यांच्या घरात पुस्तकाला काय किंमत असते, ते पणदऱ्याच्या डेअरीत कुणाला कळलं नसतं आणि मी सांगायलाही गेले नाही. सभेत सरळ मागायचं आणि मिळवायचं, असा माझा हट्ट होता.

आणि एप्रिलात ऑर्डर आली. आंबेगाव तालुक्यात, डोंगरातली शाळा, जूनला हजर व्हायचं. घरात पेढे वाटले. आई रडली, वडिलांनी ऑर्डर चारदा वाचली. मीही आनंदातच होते, नोकरी कुणाला नको असते. पण त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी महिने मोजले. मे महिन्यातला एकच रविवार हाताशी होता. त्यानंतर माझी विहीर दादा वाचून दाखवणार होता, चौकटीसकट. मला रडू आलं. नोकरी लागलेली बाई एका खेळासाठी रडते म्हणून स्वतःचा राग आला, आणि तरी रडू थांबेना.

निमगावच्या बाजारच्या दिवशी आई बाजाराला गेलेली बघून मी वातीचा स्टोव्ह पेटवला. कोपरा जाळायचा, नखाएवढा, एवढंच ठरवलं होतं. तेवढा जाळला आणि विझवला. गुरुजींइतकं बेताचं काम झालं होतं. मग माझ्या मनात आलं, नंबर तर लागेल, पण सांगणार कोण? मी पुस्तकाच्या पिना उचकटल्या, शेवटची चार पानं सोडवली आणि ज्योतीवर धरली. विहिरीत काय होतं ते त्या चार पानांत होतं. आमच्या लोकांनी एकच पुस्तक जाळलं होतं, महाडला, तेही चारचौघांत, का जाळतो ते सांगून. मी जाळलं ते दाराला कडी घालून. राख मी गुलाबाच्या कुंडीत कालवली, आणि वडील आल्यावर त्यांच्याकडं बघायला मला धीर झाला नाही.

मेच्या रविवारी पंचनामा झाला. भाऊसाहेबांनी वास घेतला, जळीत मान्य केलं, आणि मग पानं मोजून कपाळाला आठ्या घातल्या. शेवटच नसेल तर साहस निघायचं कसं? शेवट कुणी वाचलाय का? गुरुजींनी नाही म्हणून मान हलवली, मैत्रिणीनंही हलवली. सगळ्यांनी दादाकडं बघितलं.

दादा म्हणाला, “मी न्हाय वाचलं.”

कुणालाच नवल वाटलं नाही. त्यानं कुठलं वाचलं होतं! मग भाऊसाहेबांनी घसा साफ करून ठराव सांगितला, की सदर साहसाचा शेवट फक्त सेक्रेटरी यांना ज्ञात असल्यामुळे आणि अन्य पर्याय नसल्यामुळे एक दिवसापुरतं मुकादमपण त्यांच्याकडं देण्यात यावं. सर्वानुमते मंजूर. अन्य पर्याय नसल्यामुळे! हेही मी लिहिलं.

मी पुस्तक उघडलंच नाही. गाव मला पाठ होतं. पहिला तासभर आवाज कापत होता, मग विसरून गेले. पाणी ओढणाऱ्या बायका झाले, पाटील झाले, तोंड मिटून बसलेला म्हातारा झाले. एरवी गुरुजी दर दहा मिनिटांनी चौकटीत काय दिलंय विचारायचे, त्यांनी विचारलं नाही. भाऊसाहेबांचा सरदार कुणालाही न मारता एका म्हातारीपाशी बसून राहिला, कारण तिला काहीतरी सांगायचं होतं. दादा पहिल्यांदाच खेळाडू म्हणून बसला होता, भिंतीला टेकून, फासे हातात धरून.

विहिरीत उतरायची वेळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की छापलेला शेवट मला नको आहे. छापलेल्या शेवटात तळाला सहा डोळ्यांचं जनावर होतं. ते मारायचं, पेटी घ्यायची, गावानं जयजयकार करायचा. मी म्हटलं, तळाला कुणी नाही. नुसतं पाणी आहे. गावातला प्रत्येक जण अंधार पडला की चोरून काठावर येतो आणि जे कुणालाच सांगता येत नाही ते विहिरीत बोलून जातो. विहीर ते परत देते, एवढंच.

मग गुरुजींनी हळूच विचारलं, मग मारायचं कुणाला? त्यावर त्यांची चर्चा सुरू झाली ती थांबेचना. विहीर बुजवायची, का गावाला बोलतं करायचं, का आपणच काठावर बसून ऐकायचं. मधे कधी संध्याकाळचं दूध आलं. दारात आबा उभे होते, मागं किटल्या घेऊन लोक खोळंबलेले, आणि आबा त्यांना हातानं गप्प करत होते. शेवटी आबाच म्हणाले, की विहीर बुजवू नका, पाण्याचं वाईट वाटतं. तेच ठरलं. मी आयुष्यात एवढी खूश कधी झाले नव्हते. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

निमगावला जायला मला एसटी धरायची होती. मैत्रीण चहाचे कप विसळत होती, म्हणून दादा मला फाट्यापर्यंत सोडायला आला. पिशवीत लाल वही होती. ती दुसऱ्या कुणाकडं देऊन जायचं सभेत राहून गेलं होतं. तो रस्त्याकडं बघत चालला होता. मग म्हणाला, “शेवट असा नव्हता. जनावर व्हतं खाली. सहा डोळ्यांचं.”

त्यानं ते वाचलं होतं. मी कार्डावर सगळ्यात चांगलं हेच म्हणून लिहिलं होतं ना, म्हणून ते एकच वाचलं, दोनदा वाचलं, असं तो म्हणाला. शेवट छापला त्याच्यापेक्षा माझा चांगला होता, असंही म्हणाला. म्हणजे सभेत सगळ्यांसमोर तो खोटं बोलला होता, आणि मला जागा करून दिली होती. चार पानं काही अशी कोपऱ्यावरनं जळत नाहीत, हे त्याला पहिल्या नजरेत कळलं होतं. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. ज्याला वर्षभर मनात नाही नाही ते म्हटलं त्याचंच पुस्तक मी जाळलं होतं, आणि तो मला सांभाळून घेत होता.

तेवढ्यात तो म्हणाला, “जाळायची काय गरज व्हती? नुसतं मागितलं असतंस तरी दिलं असतं की मी.”

आणि माझी लाज गेली कुठल्या कुठं. नुसतं मागितलं असतंस! अगदी मनापासून म्हणत होता तो, त्यात काही लबाडी नव्हती, म्हणूनच मला जास्त संताप आला. मी पिशवीतनं वही काढली, तिन्ही पानं शोधली, मधे बोटं घातली आणि वही त्याच्या हातात दिली.

फाट्यावरच्या टपरीच्या पायरीवर बसून त्यानं ती वाचली. एक पान, मग दुसरं, मग तिसरं. विषय पुढील सभेवर. सूचनेची नोंद घ्यावी. योग्य तो निर्णय मुकादमांनी सवडीनं घ्यावा. एसटी आली, तरी त्यानं मान वर केली नाही. तिन्ही ठिकाणी खाली सही त्याचीच होती.